दुमड नसलेली चिठ्ठी

अकरा वर्षं आमच्या बसस्टँडवर माझ्या नणंदेचा आवाज घुमायचा. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" असं वन्सं म्हणाल्या की भांडणारे नवरा-बायकोसुद्धा गप्प होतात, असं माझे सासरे चारचौघांत सांगायचे. सासऱ्यांना लेकीचं कौतुक जरा जास्तच होतं, पण यात खोटं काही नव्हतं. घरात तोच आवाज आमच्या वाट्याला वेगळ्या कारणाने यायचा. "वहिनी, गॅसवर दूध आहे. वहिनी, गॅसवर दूध आहे." प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची खोड त्यांना नोकरीने लावली होती. मी वैतागून म्हणायचे, "एकदाच सांगा हो, मी काही गाडी चुकवत नाहीये!"

त्यांची केबिन म्हणजे कपाटाहून थोडी मोठी. शेजारी कंट्रोलरची खोली, मधल्या भिंतीला वीतभर खिडकी. कंट्रोलर चिठ्ठीवर गाडीचं नाव आणि फलाटाचा आकडा लिहून त्या खिडकीतून सरकवायचा. अकरा वर्षांत वन्संनी त्या माणसाचा चेहरा जेवढा पाहिला नसेल तेवढा त्याचा हात पाहिला. पेन तो मधल्या बोटात आणि करंगळीशेजारच्या बोटात धरायचा, अंगठा आत दुमडून. चिठ्ठी आली की वन्सं ती वाचायच्या आणि तिचा कोपरा दुमडायच्या. दुसऱ्यांदा वाचली की आणखी एकदा दुमडायच्या. मग चिठ्ठी खिळ्याला. दोन दुमडी म्हणजे दोनदा सांगून झालं. हा नियम कुणी केला नव्हता, त्यांचा त्यांनी केला होता. खिळ्यावरची एकही चिठ्ठी दुमडल्याशिवाय लागली नाही. फक्त एक.

त्या सकाळी चिठ्ठीवर चार लिहिलं होतं. गाडी लागली सातवर. सातवर उभी असलेली माणसं वन्संचा आवाज ऐकून चारकडे धावली, आणि मधल्या पाच नंबरवरून एक गाडी मागे येत होती. बाकीचे वाचले. बावीस वर्षांची एक मुलगी वाचली नाही. नर्सची पहिली नोकरी लागली होती तिला, त्या दिवशी हजर व्हायचं होतं.

चौकशी बसली तेव्हा खिळ्यावर चिठ्ठी होती, आणि तिच्यावर सात होतं. अक्षर कंट्रोलरचंच. वन्सं तेव्हा धावत बाहेर गेल्या होत्या, त्या मुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन गेलं. चौकशीत त्यांनी सांगितलं, "साहेब, या चिठ्ठीला दुमड नाही. माझ्या हातातून गेलेली चिठ्ठी ही नव्हे." साहेब हसले. "बाई, कागदाचा कोपरा पाहून आम्ही निकाल द्यायचा का?" कंट्रोलर खाली मान घालून एवढंच म्हणाला, "बाईंचं लक्ष नसेल. माणूसच आहे." चुकीची कबुली देण्याऐवजी क्षमा करून मोकळा झाला मेला! आजही ते वाक्य आठवलं की माझ्या हातातलं लाटणं जड होतं.

वन्सं तुरुंगात गेल्या नाहीत, पण माईक गेला. त्यांना हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. छत्र्या, एकेक चप्पल, कुणाचा जेवणाचा डबा, कुणाची दातांची कवळी. तिथेही त्या मन लावून काम करायच्या. वस्तू न्यायला कुणी आलं की आधी विचारायच्या, "आत काय होतं सांगा." आपण काही सांगायचं नाही, ज्याची वस्तू त्यानेच ओळख पटवायची, हा तिथला नियम.

आणि एके दिवशी त्या काउंटरवर एक बाई आली. साधी साडी, गळ्यात मोजपट्टी तशीच लटकलेली. शिवणकाम करणारी, शर्टाची काजं आणि बटणं करून देणारी. ती म्हणाली, "माझी मुलगी हरवलीय. उंची माझ्याएवढी. अंगावर निळा ड्रेस. खांद्याला बॅग. उजव्या भुवईत तीळ." आणि मग शांतपणे विचारलं, "सापडली का?"

तो तीळ वन्संनी मांडीवर घेतलेल्या त्या मुलीच्या चेहऱ्यावर पाहिला होता. त्या दिवशी घरी आल्या त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. पुढे एकोणीस वर्षं त्यांनी मोठ्याने काही म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या लग्नाचं बोलणं चालू होतं ते बारगळलं. सासरे गेले. आणि आता माझंही सांगते, कारण दुसऱ्याची पापं मोजताना आपलं झाकून ठेवणं बरं नाही. एकदा पाणी भरण्यावरून आमची जुंपली. माझी जीभ घसरली. "एकीचा जीव घेतलात, आता माझा घ्या," असं मी म्हणाले. वन्सं हातातली कळशी खाली ठेवून आत गेल्या. मी माफी मागितली, त्यांनी "असू दे" म्हटलं, पण दोनदा नाही, एकदाच. तेव्हा मला कळलं की ते "असू दे" खरं नाही. शिवाय खरं सांगायचं तर मलाही तेव्हा नक्की ठाऊक नव्हतं. मनात कुठेतरी वाटायचंच, गडबडीत चुकल्या असतील.

गेल्या महिन्यात शेजारीण एक पत्रक घेऊन आली. डोंगरात कुठलंसं जुनं देऊळ, शेजारी आश्रम, आणि तिथल्या मौनीमहाराजांच्या बारा वर्षांच्या मौनव्रताची सांगता. "महाराजांच्या मुखातून निघणारा पहिला शब्द ऐकण्याचा दुर्मीळ योग." वर फोटो. पांढरी दाढी, अंगावर शाल, मांडीवर पाटी. भक्तांच्या प्रश्नांना म्हणे महाराज पाटीवर एका शब्दात उत्तर देतात.

वन्संनी फोटो बघितला. दाढीकडे नाही, हाताकडे. खडू मधल्या बोटात आणि करंगळीशेजारच्या बोटात, अंगठा आत दुमडलेला.

"वहिनी, हा तो आहे," त्या म्हणाल्या. "वहिनी, हा तो आहे."

कित्येक वर्षांनी मी त्यांना दोनदा बोलताना ऐकलं.

त्यांचं जायचं ठरलं ते तिथेच. कंट्रोलरने लवकर निवृत्ती घेतली एवढं स्टँडवर सगळ्यांना माहीत होतं, गेला कुठे ते कुणाला माहीत नव्हतं. "साधू झालाय तर," मी म्हणाले, "सौ चूहे खाके बिल्ली चली..." पुढचं वन्संनी ऐकून घेतलं नाही. त्यांनी ट्रंकेतून एक पाकीट काढलं. आत ती चिठ्ठी होती, सात लिहिलेली, कोपरे कोरे करकरीत. स्टँडवरची जुनी रद्दी निघाली तेव्हा चौकशीच्या फाइलमधून शिपायाने ती काढून दिली होती. इतकी वर्षं एकाच घरात राहून मला त्याचा पत्ता नव्हता!

मग वन्सं काजं करणाऱ्या त्या बाईंच्या घरी गेल्या. पहिल्या दिवशी दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी उघडलं आणि पुन्हा लागलं. तिसऱ्या दिवशी मी बरोबर होते. आजी म्हणाव्यात इतक्या थकल्या होत्या त्या, चष्म्याची काच जाड, पण बोटं अजून सुईतच.

"तुम्ही मला खुनी समजता," वन्सं उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "समजा. पण चिठ्ठी लिहिणारा जिवंत आहे. त्याचं तोंड उघडायचा दिवस ठरलाय. समोर बसून ऐका. मी सांगितलेलं नका मानू, त्याने सांगितलेलं माना."

आजींनी दोरा तोडला. "आणि नाही बोलला तर?"

"मग तुम्हाला माझं काय करायचंय ते करा."

"तिथे लोक असतील ना? सगळ्यांसमोर तुमच्या थोबाडीत मारीन."

"मारा," वन्सं म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हीही चला वहिनी. तुम्हीही ऐका." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तर अशा आम्ही तिघी निघालो. गाडीने नागमोडी घाट चढताना आजींना ओकाऱ्या होत होत्या, वन्सं त्यांच्या तोंडापुढे पिशवी धरत होत्या आणि दोघी एकमेकींशी अक्षर बोलत नव्हत्या. अशी यात्रा देवानेही पाहिली नसेल. वर पोचलो तर थंडी अशी की नळाचं पाणी हाताला चावायचं. देऊळ लहानसं, काळ्या दगडाचं, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. आश्रम मात्र चांगला ऐसपैस. पत्र्याच्या छपराचे लांब हॉल, प्रत्येक ब्लँकेटवर रंगाने नंबर, भिंतीवर "शांतता राखा", आणि चारी कोपऱ्यांवर खांबाला कर्णे. शांतता राखा हेसुद्धा त्या कर्ण्यांतूनच ओरडून सांगत होते.

ओरडत होते तिथले व्यवस्थापक. भला माणूस, पण घसा बसलेला. आम्ही चप्पल ठेवत होतो तेव्हा त्यांची घोषणा चालू होती, "एक तपकिरी बॅग सापडली आहे. आत चष्मा, किल्ल्या, निळा मफलर..." वन्सं थबकल्या. चप्पल एका पायात तशीच, आणि त्या सरळ माईकच्या खोलीत शिरल्या.

"आत काय आहे ते आपण नाही सांगायचं. कुणीही येऊन नेईल. ज्याची आहे त्याने ओळख पटवायची."

व्यवस्थापकांनी घसा धरून माईक त्यांच्यापुढे केला. "मग तुम्हीच सांगा, ताई. माझ्याने आता होत नाही."

वन्संनी माईक घेतला. मी दारात उभी होते. त्यांनी आधी टिचकी मारून पाहिलं, मग एक श्वास घेतला. "भाविकांनी कृपया लक्ष द्यावे." अख्खा डोंगर थांबला. पायऱ्यांवरची माणसं वर बघायला लागली. त्यांनी बॅगेचं सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि हात सवयीने कागदाचा कोपरा शोधत राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी मनात आलं, आता बघ रे लेका! आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. आम्ही गर्दीतून ओरडायच्या तयारीने आलो होतो, देवाने कर्णेच हातात दिले. दुपारपर्यंत जेवणाच्या पंगती, परतीच्या गाड्या, चुकलेली माणसं, सगळं वन्संच सांगू लागल्या. व्यवस्थापक तर म्हणाले, "उद्याचा कार्यक्रमही तुम्हीच सांभाळा. महाराजांचा आवाज बारीक असणार, माईक जवळ धरायला कुणीतरी हवंच."

संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला, तो स्वतः आला. पाटी छातीशी धरून. बरोबर कुणी नव्हतं. कर्ण्यांतला आवाज त्याने ओळखला नसता तरच नवल, अकरा वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेला. म्हातारा झाला होता. पण खडू धरायची पद्धत तीच.

त्याने लिहिलं, "उद्या सांगणारच होतो."

वन्संनी वाचलं. "लिहू नका," त्या म्हणाल्या. "लिहिलेलं बदलता येतं. तुम्हाला ते चांगलं जमतं."

त्याने शालीच्या टोकाने पाटी पुसली. पुन्हा लिहिलं, "रोज आठवते."

"कोण? मी, की ती?"

त्याने खडू खाली ठेवला. वन्सं म्हणाल्या, "बारा वर्षं बोलला नाहीत याचं लोकांना कौतुक आहे. मला नाही. त्याच्या आधीची सात वर्षं तुम्हाला तोंड होतं. उद्या माईक मी धरणार आहे." तो नमस्कार करून गेला. आजी हॉलच्या खिडकीतून त्याची पाठमोरी शाल बघत होत्या. "हाच का?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. त्या पुन्हा ब्लँकेटमध्ये शिरल्या आणि बसूनच राहिल्या.

सकाळी देवळापुढच्या पटांगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. तो वरच्या पायरीवर बसला होता, गळ्यात इतके हार की हनुवटी दिसत नव्हती. आजी पहिल्या रांगेत, उजवा हात मांडीवर मोकळा ठेवून. त्या हाताचं काय काम आहे ते मला माहीत होतं. घंटा झाली. व्यवस्थापकांनी खुणेने सांगितलं आणि वन्संनी माईक त्याच्या तोंडाशी नेला. त्याने वन्संकडे पाहिलं. मग समोरच्या गर्दीकडे. मग डोळे मिटले आणि देवाचं नाव घेतलं.

एवढंच. आवाज घोगरा, फाटका, पण कर्ण्यांनी तो पार खालच्या वळणापर्यंत नेला. लोकांनी जो जयघोष केला! बायका रडत होत्या, माणसं पायरीला डोकं टेकत होती. तो डोळे उघडेना. व्यवस्थापकांनी खूण केली, झालं, बाजूला व्हा. त्याने रात्रभर विचार करून देवाच्या नावाआड लपायचं ठरवलं होतं! आजी उठून उभ्या राहिल्या. उजवा हात उचलून त्या त्याच्याकडे नाही, वन्संकडे निघाल्या.

वन्संनी माईक आपल्या तोंडाशी घेतला.

"भाविकांनी कृपया लक्ष द्यावे. एकोणीस वर्षांपूर्वी बसस्टँडवर एक चिठ्ठी हरवली. तिच्या जागी ठेवलेली दुसरी चिठ्ठी सापडली आहे. ज्यांची असेल त्यांनी हरवलेल्या चिठ्ठीवर कोणता आकडा होता ते सांगून ओळख पटवावी आणि ही घेऊन जावी."

आणि पुन्हा एकदा, तसंच्या तसं. आवाज चढला नाही, थांबा चुकला नाही. कुणाचं नाव नाही, आरोप नाही. लोकांना वाटलं नेहमीचीच घोषणा आहे, काहींनी तर आपले खिसेसुद्धा चाचपले. वन्संनी चिठ्ठी त्याच्या पुढ्यात धरली आणि माईक त्याच्या तोंडाशी नेला. आजी अर्ध्या पायऱ्यांवरच थांबल्या.

त्याने डोळे उघडले. त्या चिठ्ठीकडे बघत राहिला. कपाळावर त्या थंडीत घाम.

"चार," तो म्हणाला.



"चार लिहिलं होतं मी. गाडी सातवर लागणार होती. माझ्या हातून चुकलं. माणसं पळाली... एक मुलगी गेली. बाई बाहेर होत्या. मी चिठ्ठी काढली. दुसरी लावली. बाईंची चूक नव्हती."

वन्संचा चेहरा पाहायचं मला धाडस होईना. मी आजींकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात हळूहळू खाली आला. आणि मग मागून कुणीतरी ओरडलं, "धन्य महाराज! केवढं मोठं मन!" झालं. एकाचं बघून दुसरा, दुसऱ्याचं बघून शंभर. ज्याने त्याने हात जोडले. "बारा वर्षांचं प्रायश्चित्त!" "असा कबूल करणारा माणूस आज मिळणार नाही!" पुन्हा जयजयकार, आधीपेक्षा मोठा. कुणीतरी धावत जाऊन आणखी एक हार घातला. त्या हाराखाली तो खरोखरच हलका झालेला दिसत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका मुलीचा जीव आणि एका बाईचं आयुष्य गिळून माणूस देव होतो? पायातली चप्पल बाहेर काढून ठेवायची सक्ती नसती तर मी ती तिथेच भिरकावली असती.

वन्सं एकट्या उभ्या होत्या, माईक खाली. एकोणीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं, आणि मिळताक्षणी लोकांनी ते त्याच्याच गळ्यात घातलं.

तेव्हा आजी उरलेल्या पायऱ्या चढल्या. वन्संसमोर आल्या. थोबाडीत मारायचं कारण उरलं नव्हतं. त्यांनी वन्संचा माईक धरलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि एक क्षण तसाच ठेवला. दोघींमध्ये बोलणं झालं ते एवढंच. मग आजींनी माईक मागितला. वन्संनी तो त्यांच्या तोंडाशी नीट धरला, फार जवळ नाही, फार लांब नाही.

"माझी मुलगी हरवलीय," आजी त्याला म्हणाल्या. कर्ण्यांतून ते सगळ्या डोंगराला ऐकू गेलं. "उंची माझ्याएवढी. अंगावर निळा ड्रेस. खांद्याला बॅग. उजव्या भुवईत तीळ."

जयघोष थांबला. मागचे लोक पुढच्यांना गप्प करू लागले, मग सगळेच गप्प झाले.

"सापडली का?"

त्याचा हात मांडीशेजारची पाटी चाचपू लागला. वन्संनी ती पायाने बाजूला सरकवली.

"पाटी नको," आजी म्हणाल्या. "आता मौन सुटलंय ना तुमचं? बोला."

वन्संनी माईक आजींच्या तोंडापासून काढून त्याच्या तोंडाशी नेला आणि धरून उभ्या राहिल्या. कर्ण्यांतून त्याचा नुसता श्वास ऐकू येत होता. व्यवस्थापक दोनदा पुढे आले, दोनदा मागे गेले. माणसं हळूहळू उठून आपापल्या चपलांकडे निघाली. वन्संचा हात हलला नाही.